बचावपटूची किंमत कोण ठरवणार?

शेंदूरजनाघाट (जि. अमरावती) : सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात वसलेले हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. येथील रोपवाटिकेत येणारा जाणता बागायतदार पानांच्या हिरवेपणाला भुलत नाही. तो आधी खुंट पाहतो, डोळा कोठे बांधला आहे हे तपासतो, मुळ्या न्याहाळतो आणि मगच सौदा करतो. कारण झाडाला फळ धरायला काही वर्षे जावी लागतात आणि निवड चुकली हे तोवर कळत नाही. व्यावसायिक कबड्डीच्या बाजारात महाविद्यालयीन बचावपटूची पारख होते, तेव्हा हीच सावधगिरी अनेकदा दिसत नाही. तेथे पान पाहिले जाते, खुंट नाही. आणि या चुकीची झळ सर्वांत जास्त कोणाला बसत असेल, तर ती वऱ्हाडसारख्या, कॅमेऱ्यांपासून दूर असलेल्या प्रदेशातील मुलांना.

प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ २६ जुलै २०१४ रोजी झाला. आठ संघांनी सुरू झालेली ही स्पर्धा २०१७ मध्ये बारा संघांची झाली. तोवर कबड्डीपटूच्या स्वप्नाची मर्यादा रेल्वे, सेनादल, पोलीस किंवा एखाद्या बँकेतील नोकरीपर्यंत होती. आता तिच्यापुढे लिलावाचा मंच उभा राहिला. २०२२ मध्ये त्यात आणखी एक दार उघडले. नवव्या हंगामाच्या लिलावासाठी जी पाचशेहून अधिक खेळाडूंची यादी तयार झाली, तीत बंगळुरू येथे झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील अंतिम फेरीच्या दोन संघांचे २४ खेळाडू प्रथमच समाविष्ट करण्यात आले. विद्यापीठाच्या मैदानावरून थेट व्यावसायिक संघाच्या यादीत जाण्याची वाट अधिकृतपणे मान्य झाली, हा या निर्णयाचा अर्थ. परंतु वाट मान्य होणे निराळे आणि त्या वाटेवर योग्य मुलगा ओळखला जाणे निराळे.

बाजाराचा कल चढाईकडे

लिलावाचा इतिहास पाहिला तर चढाईपटूंचे वर्चस्व चटकन नजरेत भरते. २०१८ मध्ये मोनू गोयतला हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख रुपये मोजले. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याचा सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. २०२१ मध्ये प्रदीप नरवाल १ कोटी ६५ लाख, २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाख, २०२३ मध्ये पुन्हा पवनच २ कोटी ६० लाख ५० हजार आणि २०२४ मध्ये सचिन तंवर २ कोटी १५ लाख. सहा लिलावांतील सहाही सर्वोच्च बोली चढाईपटूंवर लागल्या. चढाई डोळ्यांना दिसते, टाळ्या मिळवते आणि दूरचित्रवाणीवर पुन:पुन्हा दाखवता येते. तिचा भाव वधारणे स्वाभाविकच आहे.

तथापि बचावाकडे बाजाराने पूर्ण पाठ फिरवली, असेही म्हणता येणार नाही. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा सर्वप्रथम गाठला तो इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपऱ्याच्या बचावपटूने. त्याचाच देशबंधू मोहम्मदरझा शादलुई २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे आला, त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. पुढच्याच हंगामात २ कोटी ७ लाखांना तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणाही विजेता ठरला. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले. त्या लिलावातील ही सर्वोच्च बोली होती. अष्टपैलू म्हणून नोंद असली, तरी त्याचे मुख्य बळ डाव्या कोपऱ्यातील पकडच आहे.

मात्र गोष्ट येथे संपत नाही. तोच शादलुई संघात असूनही २०२५ च्या हंगामात गुजरातला पहिल्या आठ संघांतही स्थान मिळाले नाही. एकाच खेळाडूच्या बाबतीत तीन हंगामांत दोन विजेतेपदे आणि एक निराशा, याचा अर्थ लावायचा कसा? पुण्यात त्याच्या साथीला उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री होता आणि आतल्या बाजूला अभिनेश नादराजन व संकेत सावंत हे दोन मध्यरक्षक होते. हरियाणात तर डावा मध्यरक्षक जयदीप दहिया हाच कर्णधार होता. बचाव हा एकट्याचा व्यवहार नसतो. कोपऱ्याने घोटा धरावा आणि मध्यरक्षकाने परतीची वाट बंद करावी, तेव्हा एक पकड पूर्ण होते. गुणपत्रिकेत मात्र नाव लागते ते एकाचेच.

गुणपत्रिकेत न दिसणारा मध्यरक्षक

कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईपटूला ३० सेकंदांची मुदत असते आणि त्याला परत यायचे असते ते मध्यरेषेकडेच. कोपऱ्यातील बचावपटू घोट्यावर किंवा मांडीवर झडप घालतो. मध्यरक्षकाचे काम यापेक्षा वेगळे, काहीसे उपेक्षित. धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलणे, त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहणे, साखळीतील सहकाऱ्याचा हात न सोडता संपूर्ण फळी पुढे-मागे सरकवणे आणि सहकाऱ्याची पकड निसटू लागताच तिला आधार देणे, ही त्याची कर्तव्ये. तो चुकला तर त्याच्यामागे सावरणारा कोणी नसतो.

अशा खेळाडूचे मूल्यमापन केवळ पकडींच्या गुणांवर केले तर काय घडते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. समजा, एका महाविद्यालयीन मोसमात पहिल्या मुलाने शंभर वेळा पकडीचा प्रयत्न केला आणि चाळीस वेळा यश मिळवले. दुसऱ्याने पन्नासच प्रयत्न केले आणि तीस वेळा यश मिळवले. गुणांच्या यादीत पहिला चाळीस गुणांसह वर आणि दुसरा तीस गुणांसह खाली. परंतु फसलेली प्रत्येक पकड प्रतिस्पर्ध्याला किमान एक गुण देते आणि बचावपटूला मैदानाबाहेर बसवते. पहिल्याने चाळीस मिळवून किमान साठ दिले, म्हणजे संघ वीस गुणांनी मागे पडला. दुसऱ्याने तीस मिळवून सुमारे वीस दिले. संघाला दहाचा लाभ झाला. यादी मात्र पहिल्यालाच श्रेष्ठ ठरवते.

याच्याही पलीकडचा भाग म्हणजे रिकामी चढाई. बचावफळीने दार बंद ठेवले आणि चढाईपटू हात हलवीत परत गेला, तर कोणाच्याही नावावर गुण चढत नाही. पण सलग दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या, की तिसरी ‘करो या मरो’ची ठरते. तीत गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. ती तिसरी चढाई ज्याने ओढवून आणली, त्या संयमी मध्यरक्षकाचे नाव कोठेही नोंदले जात नाही. पकड करण्याचे धाडस मोजले जाते. पकड न करण्याचे शहाणपण मोजले जात नाही.

अर्थात कमी प्रयत्न म्हणजे नेहमी शहाणपणच असते, असेही नव्हे. एखादा मुलगा भित्रा असू शकतो. एखाद्याच्या बाजूला चढाईपटू फिरकतच नसतील. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली पकड दोन गुण देते. त्या वेळी धोका पत्करणे योग्यच असते. ‘करो या मरो’च्या चढाईत घाई चढाईपटूला असते, बचावपटूला नव्हे. म्हणून प्रत्येक प्रयत्न कोणत्या परिस्थितीत झाला हे पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. त्यासाठी संपूर्ण सामना पाहावा लागतो आणि नेमके तेच दुर्मीळ आहे.

अमेरिकेतील एक धडा

ही अडचण केवळ कबड्डीची नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या शेवटच्या फळीत उभ्या राहणाऱ्या खेळाडूला ‘सेफ्टी’ म्हणतात. तेथे लिलाव नसतो. आदल्या मोसमात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून निवडीची पहिली संधी मिळते. निवडीपूर्वी या मुलांची धाव, उडी, ताकद यांची घड्याळ लावून चाचणी होते. २०२२ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाचा काइल हॅमिल्टन हा त्या वर्षीचा अव्वल सेफ्टी मानला जात होता. चाळीस यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरच्या धावेला त्याला ४.५९ सेकंद लागले. या स्थानासाठी ही वेळ संथ असल्याची चर्चा झाली आणि पहिल्या काही क्रमांकांत अपेक्षित असलेला हा मुलगा चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला निवडले आणि दुसऱ्याच मोसमात, २०२३ मध्ये, त्याची गणना त्या लीगच्या सर्वोत्तम संघात झाली. चेंडू कोठे जाणार हे त्याला इतरांच्या आधी उमगत होते आणि ते कोणत्याही घड्याळात दिसत नव्हते.

फरक इतकाच, की हॅमिल्टनचे महाविद्यालयीन सामने देशभर दाखवले जात होते. घड्याळाने चूक केली तरी ती दुरुस्त करायला चित्रफीत उपलब्ध होती. वऱ्हाडातील मुलाच्या बाबतीत ही दुसरी संधीच नसते.

वऱ्हाडची अडचण

वऱ्हाडला कबड्डी नवी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने याच मंडळाच्या पथकाने जगापुढे कबड्डीचे प्रात्यक्षिक सादर केले होते. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पदकाचा खेळ म्हणून समावेश झाला, त्याच्या तब्बल ५४ वर्षे आधीची ही घटना. मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे, १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आहे, गावोगावी क्रीडा मंडळे आहेत. परंपरेची उणीव नाही.

उणीव आहे ती नजरेस पडण्याची. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा खेळतो. याचा लाभ उघड आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या मुलांशी झुंज न देता विदर्भातील मुलाला राज्य संघाचे दार उघडते. तोटा तितकाच खरा. संघाचा प्रवास साखळीतच आटोपला, तर मुलाच्या वाट्याला मोजके दोन-तीन सामने येतात. तेवढ्यात चढाईपटू चार चमकदार चढाया करून डोळ्यांत भरू शकतो. मध्यरक्षकाची गुणवत्ता दोन सामन्यांत उमगणे कठीण. उलट, २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि त्याच वर्षी कर्णधार रिशांक देवाडिगाला लिलावात १ कोटी ११ लाखांची बोली लागली. शेवटपर्यंत खेळणाऱ्या संघातील खेळाडू अधिक काळ नजरेसमोर राहतो, हा साधा हिशेब आहे.

विद्यापीठ पातळीवरही चित्र फारसे निराळे नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठ संघ, मग पश्चिम विभाग आणि त्यातून अखिल भारतीय स्पर्धा अशी ही शिडी आहे. २०२२ मध्ये लिलावाच्या यादीत गेले ते अंतिम फेरीतील दोनच संघ. म्हणजे दुबळ्या संघातील उत्तम बचावपटूला ती वाट बंदच होती. ज्याच्या संघावर सतत आक्रमण होते, त्याच बचावपटूची खरी परीक्षा होते. आणि तोच लवकर घरी परततो.

दार अरुंद आहे

या साऱ्याला एक व्यवहाराची बाजूही आहे. २०२३ च्या लिलावात अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख रुपये होती. संत्र्याला कधी गळ, कधी भावाची घसरण सोसणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने शेवटचा आकडाही लहान नाही. पण दाराची रुंदी पाहिली पाहिजे. बारा संघ, प्रत्येकी किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू, म्हणजे देशभरात अधिकाधिक तीनशे जागा. त्यांतील बऱ्याच जागा आधीच्या हंगामातून राखलेल्या खेळाडूंनी भरलेल्या असतात. काही परदेशी खेळाडूंना जातात. उरलेल्या जागांवर हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, तमिळनाडू आणि पश्चिम महाराष्ट्र यांचा डोळा असतो.

नवोदित युवा खेळाडूंसाठी स्वतंत्र गट आहे, ही जमेची बाजू. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामात याच वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला आणि २०२४ मध्ये कर्णधार म्हणून त्याने करंडक उंचावला. पण तो चढाईत चमकणारा अष्टपैलू. ग्रामीण महाविद्यालयातील शुद्ध मध्यरक्षकाला हीच वाट अधिक लांब पडते. गुडघ्याच्या अस्थिबंधाला किंवा खांद्याला एक गंभीर दुखापत झाली, तर ती वाट मध्येच संपते. अशा मुलाने पदवी अर्धवट सोडून लिलावाची वाट पाहावी काय? उत्तर नकारार्थीच असले पाहिजे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेतील कामगिरी लागते, तशीच पदासाठी आवश्यक शैक्षणिक पात्रताही लागते. पदवी आणि पकड यांपैकी एकाचीच निवड करायला लावणारा सल्लागार मुलाचा हितचिंतक नव्हे.

महाविद्यालयांच्या हाती काय?

लिलावाचे नियम अमरावतीत ठरत नाहीत. संघमालकांची आवडनिवडही येथून बदलता येणार नाही. परंतु मुलाची ओळख करून देणारा कागद येथेच तयार होऊ शकतो आणि त्यासाठी फार मोठा खर्चही नाही.

आज अनेक सामन्यांची नोंद अंतिम गुणसंख्येपुरती राहते. तिच्यात चार रकाने वाढवावेत. प्रत्येक बचावपटूचे पकडीचे एकूण प्रयत्न. त्यांतील यशस्वी आणि फसलेले. सहकाऱ्याच्या पकडीत दिलेला आधार. आणि तो मैदानावर असताना प्रतिस्पर्ध्याच्या किती चढाया रिकाम्या गेल्या. शारीरिक शिक्षणाचे दोन विद्यार्थी वही घेऊन बसले तरी हे काम होते. त्याच्या जोडीला मैदानाच्या टोकाला, उंचावर एक मोबाइल लावून पूर्ण चाळीस मिनिटांचे चित्रण ठेवावे. निवडक क्षणांची जोडलेली चित्रफीत नको. तीत प्रत्येकजण वाघ दिसतो. फसलेल्या पकडींसह संपूर्ण सामना हवा, कारण चुकीनंतरच्या चढाईत मुलगा कसा उभा राहतो, यातच त्याचा खुंट कळतो.

दुसरी बाब सरावाची. व्यावसायिक स्पर्धा मॅटवर होते. मातीवर पाय रोवून दिलेली धडक मॅटवर तशीच बसत नाही. पावलांची पकड आणि घसरण दोन्ही बदलतात. मातीच्या मैदानावर घडलेल्या मुलाला निवड चाचणीच्या दिवशी प्रथमच मॅट भेटली, तर दोष त्याच्या खेळाचा नसतो. प्रत्येक गावात मॅट येणे शक्य नसेल. पण तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट असावी आणि आसपासच्या महाविद्यालयांनी ती वाटून वापरावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

संघमालकांनाही यात स्वार्थ आहे. २०२३ पासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चासाठी ५ कोटींची मर्यादा आहे. एका खेळाडूवर दोन-सव्वादोन कोटी गेले, की उरलेल्या रकमेत सतरा-अठरा जागा भराव्या लागतात. अशा वेळी कमी किमतीचा, संयमी आणि विश्वासू मध्यरक्षक हाच संघाचा तोल सांभाळतो. पुणे आणि हरियाणाच्या विजेतेपदांनी हेच दाखवले; ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पुणेरी पलटणला ३१-२८ असे नमवून विजेता ठरलेल्या दबंग दिल्लीकडेही फझल अत्राचलीच्या जोडीला सुरजित सिंग हा अनुभवी मध्यरक्षक होता.

पुढच्या लिलावाआधी पुन्हा याद्या होतील, पुन्हा गुणांची क्रमवारी लावली जाईल. त्या क्रमवारीत चाळीस गुणांचा मुलगा वर असेल आणि तीस गुणांचा खाली. खालच्या मुलाच्या नावापुढे त्याच्या फसलेल्या वीस पकडींचा हिशेब कोणी मांडला असेल, तरच वाचणाऱ्याची नजर थांबेल. तो हिशेब मुंबईतील लिलावाच्या मंचावर होणार नाही. वरूड, मोर्शी, अकोट, अचलपूरच्या महाविद्यालयांतील मैदानांवर, सामना चालू असतानाच, तो मांडावा लागेल.